मॅक्ग्रोरीचा नकार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला होते, ते आयुष्यभर शाळेच्या मैदानावर फुटबॉल शिकवत राहिले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून फुटबॉलबद्दल बोलायला मिळणं हा मी माझा मान समजतो. त्यातून समोर कोल्हापूरचे श्रोते आहेत. पेठेच्या आणि तालमीच्या नावाने मैदानात उतरणाऱ्या पोरावर केवढा भार असतो, हे तुम्हाला बाहेरून येऊन कुणी सांगायला नको.

आज मी बोलणार आहे जिमी मॅक्ग्रोरी या स्कॉटिश सेंटर फॉरवर्डबद्दल. जन्म 26 एप्रिल 1904, ग्लासगो. 1922 मध्ये सेल्टिक क्लबने त्याला घेतलं आणि 1937 मध्ये त्याने बूट काढून ठेवले. त्याची सगळी कारकीर्द अशी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात येते. सेल्टिककडून 445 सामने आणि 468 गोल; नव्या मोजणीने 472. यांतला कोणताही आकडा धरा, दर सामन्याला एकाहून जास्त गोल होतो. पहिल्या दर्जाच्या साऱ्या सामन्यांची बेरीज 550 भरते, आणि ब्रिटनमधला तो आजही उच्चांक समजला जातो.

या गोलांबद्दल मी बोलणारच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट मला वाटते ती 1928 च्या उन्हाळ्यात त्याने दिलेल्या एका नकाराची. स्कॉटलंडमध्ये ती निष्ठेची कथा म्हणून सांगतात. निष्ठा त्यात आहेच, आणि मी ती कमी लेखणार नाही. मात्र या कथेत क्लब फार स्वस्तात सुटतो, अशी माझी तक्रार आहे, आणि आजचं व्याख्यान त्या तक्रारीपोटी आहे.

ग्लासगोच्या उत्तरेला गार्नगॅड नावाची वस्ती होती. आयर्लंडमधून पोटासाठी आलेल्या कॅथलिक कुटुंबांची ती दाटीवाटीची वस्ती. जवळच सेंट रॉलॉक्सचा रासायनिक कारखाना, त्याचं चारशे फुटांहून उंच धुरांडं, रेल्वेची वर्कशॉप, गॅसचे कारखाने. मॅक्ग्रोरीचे वडील गॅसच्या कारखान्यात मजूर होते. घरात पोरं बरीच आणि पैसा बेताचा. अशा वस्तीत मुलाच्या पायात बळ दिसलं, की सगळ्या गल्लीच्या आशा त्याच्यावर बसत. आणि त्या आशेचं नाव एकच असे: सेल्टिक.

हा क्लब निघाला 1887 मध्ये, ग्लासगोच्या पूर्व भागातल्या सेंट मेरी चर्चच्या सभागृहात. ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या आयरिश धर्मबंधूला उपाशी पोरांच्या जेवणासाठी पैसे उभे करायचे होते, आणि त्या शहरात गर्दी जमवायची तर फुटबॉलसारखा दुसरा उपाय नव्हता. 1888 च्या मे महिन्यात सेल्टिकचा पहिला सामना झाला. जाता जाता सांगतो, त्याच वर्षी सिमल्यात ड्युरँड कपचा पहिला अंतिम सामना रॉयल स्कॉट्स फ्युसिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री या दोन स्कॉटिश पलटणींत झाला, आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री ही ग्लासगोची पलटण. आपल्या देशात हा खेळ रुजवणाऱ्यांमध्ये त्या शहराच्या गल्ल्यांतली पोरंही होती.

पण जेवणाच्या पैशांसाठी निघालेला हा क्लब 1897 मध्ये मर्यादित कंपनी झाला. भागधारक आले, संचालक आले, लाभांश आला. त्याच वर्षी विली मॅलीच्या हाती संघाची सूत्रं आली आणि 1940 पर्यंत ती त्याच्याच हाती राहिली. क्लब कंपनी झाला तरी पूर्व ग्लासगोतल्या मजुराच्या मनात तो आपल्या माणसांचाच राहिला. क्लबकडे पाहण्याच्या या दोन नजरा ध्यानात ठेवा. मॅक्ग्रोरीचं सगळं आयुष्य त्या दोहोंच्या मधे गेलं.

सेंट रॉक्स या वस्तीतल्याच ज्युनिअर संघातून तो खेळू लागला. 1922 मध्ये त्या संघाने स्कॉटिश ज्युनिअर कप जिंकला आणि अठरा वर्षांचा मॅक्ग्रोरी सेल्टिककडे आला. 1923 च्या जानेवारीत तो पहिल्यांदा मोठ्या संघातून खेळला, पण जागा पक्की झाली नाही. पुढच्या हंगामात त्याला क्लाइडबँककडे उसना पाठवला. तिथे असताना तो सेल्टिकच्याच मैदानावर सेल्टिकविरुद्ध खेळायला आला आणि गोल करून गेला. त्यानंतर त्याला परत बोलवायला क्लबने उशीर लावला नाही.

आता त्याच्या खेळाबद्दल. उंची बेताचीच. खांदे रुंद, मान बैलासारखी. ड्रिबलिंगमध्ये त्याच्याहून सरस फॉरवर्ड त्या काळी स्कॉटलंडमध्ये कितीतरी होते. त्याची खासियत होती हेडर. बाजूने येणाऱ्या क्रॉसवर तो जमिनीला समांतर झेप घ्यायचा आणि इतर खेळाडूंना पायाने जमणार नाही एवढ्या जोराने डोक्याने चेंडू जाळ्यात मारायचा. लोक त्याला मानवी टॉर्पेडो म्हणत. ज्यांनी आजचा हलका, पाणी न पिणारा चेंडूच पाहिला आहे त्यांना याची कल्पना येणं कठीण. तो चेंडू जाड कातड्याचा, वर वादीने आवळलेला. ग्लासगोच्या पावसात तो पाणी शोषून जड व्हायचा, आणि वादीची बाजू कपाळावर आली तर कपाळ फुटायचं.

1925 चा स्कॉटिश कपचा अंतिम सामना घ्या. हॅम्पडन पार्क, समोर डंडी, आणि सेल्टिक एका गोलने मागे. पॅट्सी गॅलाकर हा बारक्या चणीचा आयरिश खेळाडू बचावफळीतून वाट काढत गोलपर्यंत पोचला, तिथे पडला, आणि दोन पायांत चेंडू धरून कोलांटी घेत चेंडूसकट जाळ्यात गेला. बरोबरी झाली. सामना संपायला काही मिनिटं उरली असताना फ्री किकवर मॅक्ग्रोरीने झेप घेतली आणि सेल्टिकने कप नेला. त्या दिवसापासून प्रेक्षक त्याच्या झेपेचीच वाट पाहू लागले.

या झेपांचं कौतुक करताना एक गोष्ट मला टाळता येत नाही. 2019 मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने जुन्या स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. मेंदूची झीज होणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर लोकांच्या साडेतीन पट निघालं. त्यानंतर 2020 मध्ये स्कॉटलंडने बारा वर्षांखालच्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला. इथे जे प्रशिक्षक बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे की लहान पोरांकडून शंभर-शंभर हेडर मारून घेण्याची जुनी रीत आता बंद करा. त्यावाचून खेळाडू घडतो.

पुन्हा 1925 कडे येऊ. त्या वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी चेंडू मिळताना फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्या मधे विरुद्ध संघाचे तीन खेळाडू असावे लागत. आता दोन पुरेसे झाले. बचावाची जुनी मांडणी एका उन्हाळ्यात कोलमडली आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. इंग्लंडमध्ये मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या विभागात एका हंगामात 59 गोल केले आणि त्याच्या पुढच्याच हंगामात एव्हर्टनच्या डिक्सी डीनने 60. मॅक्ग्रोरीचे 1927–28 च्या लीगमध्ये 47. नियम बदलला म्हणून हे गोल झाले, असं म्हणणारे तेव्हाही होते. मग मोठ्या क्लबांनी सेंटर हाफला मागे ओढून सेंटर फॉरवर्डच्या अंगावर बसवलं, आणि गोलांचा ओघ आटू लागला. या नव्या पहारेकऱ्याविरुद्ध, वयाच्या एकतीस-बत्तिसाव्या वर्षी, मॅक्ग्रोरीने 1935–36 च्या लीगमध्ये 50 गोल केले. नियमाचं श्रेय नियमाला द्यावं. हे पन्नास त्याचे स्वतःचे आहेत.

आता 1928. जानेवारीच्या 14 तारखेला डनफर्मलिनविरुद्ध सेल्टिकने 9–0 असा विजय मिळवला. त्यातले आठ गोल मॅक्ग्रोरीचे. स्कॉटलंडच्या वरच्या विभागात एका सामन्यात एवढे गोल नंतर कुणी केले नाहीत.

अडीच महिन्यांनी, 31 मार्चला, वेम्बलीवर स्कॉटलंड–इंग्लंड सामना होता. त्याच सामन्यात स्कॉटलंडच्या ठेंगण्या फॉरवर्डांनी पावसात इंग्लंडचा 5–1 असा धुव्वा उडवला आणि त्या संघाला ‘वेम्बलीचे जादूगार’ हे नाव पडलं. अॅलेक्स जॅक्सनचे तीन गोल, अॅलेक्स जेम्सचे दोन. सेंटर फॉरवर्डला होता ह्यूई गॅलाकर, न्यूकॅसलचा. रेफ्रीशी झालेल्या भांडणावरून दोन महिन्यांची बंदी भोगून तो नुकताच परतला होता. आठ गोल करणारा माणूस घरी, आणि बंदीतून सुटलेला माणूस मैदानात! संघ जिंकला, तेव्हा निवड समितीला विचारणार कोण? गॅलाकर अस्सल प्रतिभेचा खेळाडू होता यात वाद नाही. स्कॉटलंडकडून 20 सामन्यांत 23 गोल हा त्याचा हिशेब कुणालाही गप्प करील. पण मॅक्ग्रोरीला साऱ्या आयुष्यात देशाकडून अवघे सात सामने मिळाले. त्यांत त्याने सहा गोल केले. वेम्बलीवर तो कधीच खेळला नाही.

त्या उन्हाळ्यात विली मॅलीने त्याला फ्रान्समधल्या लूर्दच्या यात्रेला बरोबर चलायला सांगितलं. मॅक्ग्रोरी श्रद्धाळू कॅथलिक होता; लूर्दला जायला मिळतंय याचा त्याला आनंदच झाला. गाडी लंडनच्या यूस्टन स्टेशनात शिरली, तर फलाटावर आर्सेनलचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन उभे. सोबत त्यांच्या क्लबचे अध्यक्ष. ही भेट योगायोगाने झालेली नव्हती. सेल्टिकला नवा स्टँड बांधायचा होता, त्यासाठी पैसा हवा होता, आणि मॅक्ग्रोरीसाठी दहा हजार पौंड मोजायची आर्सेनलची तयारी होती. तीर्थयात्रेच्या वाटेवर सौदा मांडला होता, आणि ज्याचा सौदा त्याला घरून निघताना याची कुणी कल्पना दिली नव्हती.

तो नाही म्हणाला. परतीच्या वाटेवर चॅपमननी पुन्हा गाठलं, आग्रह केला. तो पुन्हा नाही म्हणाला. पुढे त्याने याचं कारण सांगितलं ते असं, की आपल्या नावापुढे आर्सेनलचं नाव त्याला कधी शोभलंच नाही.

इथे थोडं थांबून त्या काळची पद्धत समजून घेतली पाहिजे. व्यावसायिक खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे. हंगाम संपला, करार संपला, तरी क्लबने ‘ठेवून घेतलेल्यां’च्या यादीत नाव घातलं, की त्या खेळाडूला क्लबच्या मर्जीवाचून दुसरीकडे खेळता येत नसे. क्लबने विकायचं ठरवलं तर मिळणारी रक्कम क्लबची. इंग्लंडमध्ये तर पगारालाही नियमाचं झाकण होतं: हंगामात आठवड्याला आठ पौंड, उन्हाळ्यात सहा, आणि नव्या क्लबकडे सही करताना हातावर दहा पौंड. खेळाडूला जायचं असेल तर तो जाऊ शकत नव्हता. राहायचं असेल तर पगार ठरवू शकत नव्हता. एवढी एकच गोष्ट त्याच्या हाती होती, की विकायला काढलं तर त्याची सही लागे, आणि ती न देण्याची त्याला मुभा होती.

मॅक्ग्रोरीने तेवढी एक मुभा वापरली. म्हणून त्याच्या नकाराकडे मी केवळ भक्ती म्हणून पाहत नाही. संचालकांनी ठरवलं होतं, मॅनेजरने साथ दिली होती, तिकडचा क्लब ब्रिटनमधला सगळ्यांत महत्त्वाकांक्षी क्लब होता. अशा वेळी गार्नगॅडच्या मजुराच्या चोवीस वर्षांच्या मुलाने दोनदा मान हलवली. त्या पद्धतीत खेळाडूला स्वतःच्या आयुष्याविषयी जो काही निर्णय घेता येत होता, तो त्याने घेतला. क्लबवर प्रेम होतं, म्हणून क्लबच्या संचालकांना नाही म्हणायला तो कचरला नाही.

आणि क्लबने काय केलं? पहिल्या संघातल्या इतरांना आठवड्याला नऊ पौंड मिळत असताना मॅक्ग्रोरीला आठ दिले गेले. त्याला हे कित्येक वर्षं ठाऊकही नव्हतं. संघातला सर्वाधिक गोल करणारा माणूस संघातल्या सहकाऱ्यांपेक्षा कमी पगारावर खेळत राहिला. आठवड्याला एक पौंड धरा. नऊ हंगामांत ती रक्कम चारशे पौंडांच्या वर जाते, म्हणजे त्याच्या जवळजवळ एका वर्षाच्या पगाराएवढी. नवा स्टँड 1929 मध्ये उभा राहिला. त्याचे पैसे मॅक्ग्रोरीला विकून आले नाहीत, तेव्हा थोडे त्याच्या पाकिटातून काढून घेतले गेले, असंच मी म्हणेन. हे कळल्यावर तो म्हणाला की सेल्टिकचा शर्ट अंगावर होता त्यातच सगळं भरून पावलं. त्याचं हे म्हणणं मी खरं मानतो. पण ज्याने कमी घेतलं त्याचा मोठेपणा सांगताना ज्यांनी कमी दिलं त्यांची नावं विसरायची, ही रीत मला मान्य नाही. आपल्याकडे शाळा, संस्था, मंडळं अशीच कुणाच्या तरी प्रेमावर चालतात, आणि सत्काराच्या दिवशी त्या प्रेमाचा गौरव होतो; थकलेल्या पगाराचा विषय त्या दिवशी काढायचा नसतो. म्हणून हा जुना हिशेब मला इथे उघडावासा वाटला.

कुणी म्हणेल, मग जायला हवं होतं. जाणाऱ्यांचं काय झालं तेही पाहू. ह्यूई गॅलाकर बेल्सहिलच्या खाणकामगारांच्या वस्तीतला. एअरड्रीहून 1925 मध्ये न्यूकॅसलने त्याला 6,500 पौंडांना घेतलं, 1927 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली लीग जिंकली आणि 1930 मध्ये चेल्सीला 10,000 पौंडांना विकलं. मग डर्बी, नॉट्स काउंटी, ग्रिम्सबी, गेट्सहेड. एवढ्या हजारो पौंडांच्या उलाढालीत त्याच्या वाट्याला ठरलेला पगारच आला. खेळ संपल्यावर मिळेल ते काम करत तो गेट्सहेडमध्ये राहिला, आणि 1957 मध्ये त्याचा फार दुःखद अंत झाला. अॅलेक्स जेम्सचं जरा वेगळं. 1929 मध्ये आर्सेनलने त्याला 8,750 पौंडांना घेतलं आणि पगाराचं झाकण चुकवायला सेल्फ्रिजेस या लंडनच्या बड्या दुकानात त्याला वर्षाला 250 पौंडांचं काम मिळवून दिलं. मॅक्ग्रोरी गेला असता, तर त्याच्यासाठीही अशी वाट निघाली असती. त्याच्या हातून लीगची चार-पाच पदकंही सुटली, कारण चॅपमनचा आर्सेनल पुढच्या दशकात इंग्लंडवर राज्य करून गेला. मॅक्ग्रोरी मिळाला नाही, पण 1928 च्या ऑक्टोबरात आर्सेनलने बोल्टनच्या डेव्हिड जॅकला आणलं, दहा हजारांहून अधिक पौंड मोजून. ब्रिटनमध्ये दहा हजारांपलीकडे गेलेला तो पहिला सौदा.

पगाराचं हे झाकण निघालं 1961 मध्ये, आणि खेळाडूला बांधून ठेवणारी पद्धत न्यायालयाने बेकायदा ठरवली 1963 मध्ये, जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात. मॅक्ग्रोरीच्या पिढीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

सेल्टिकमध्ये राहून त्याला जे मिळालं ते मात्र कुणी हिरावू शकलं नाही. 1931 च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात मदरवेल 2–0 असं पुढे होतं आणि दहा मिनिटंही उरली नव्हती. मॅक्ग्रोरीने एक परत केला, शेवटच्या मिनिटाला मदरवेलच्या बचावपटूकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला, आणि पुन्हा झालेला सामना सेल्टिकने 4–2 असा जिंकला. 1933 च्या अंतिम सामन्यात पुन्हा मदरवेलच, आणि सामन्यातला एकमेव गोल मॅक्ग्रोरीचा.

या दोन विजयांच्या मधे 5 सप्टेंबर 1931 चा दिवस येतो. ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबच्या आयब्रॉक्स मैदानावर त्यांच्याविरुद्धचा सामना. सेल्टिकचा बावीस वर्षांचा गोलकीपर जॉन थॉमसन रेंजर्सच्या सॅम इंग्लिशच्या पायाशी झेपावला, गुडघा त्याच्या डोक्याला लागला, आणि त्याच रात्री इस्पितळात तो गेला. फाइफच्या खाणपट्ट्यातल्या त्याच्या गावी अंत्ययात्रेला हजारो माणसं जमली. काही जण ग्लासगोहून पायी गेले होते. सॅम इंग्लिशचा दोष नव्हता हे थॉमसनच्या घरच्यांनीही मानलं, तरी प्रेक्षकांनी त्याला पुढे सुखाने खेळू दिलं नाही. दोन वर्षांनी त्याच संघातला पीटर स्कार्फ क्षयाने गेला. दोघेही मॅक्ग्रोरीचे मैदानावरचे सोबती. एकाच क्लबमध्ये पंधरा वर्षं काढणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे मृत्यूही येतात, आणि त्यानंतर त्याच ड्रेसिंग रूममध्ये पुन्हा बूट बांधावे लागतात.

1 एप्रिल 1933 ला हॅम्पडनवर तो देशाकडून इंग्लंडविरुद्ध खेळला. प्रेक्षक 1,34,000 हून जास्त. पहिला गोल त्याचा. इंग्लंडने बरोबरी केली. सामना संपत आला असताना बॉब मॅकफेलशी पासिंग करत तो आत घुसला आणि गोलकीपर हॅरी हिब्जला चकवून दुसरा गोल केला. ती आरोळी मैलोन् मैल ऐकू गेली म्हणतात, आणि ‘हॅम्पडनची गर्जना’ तिथूनच सुरू झाली असं स्कॉटलंडमधले जुने लोक सांगत. मॅकफेल होता रेंजर्सचा. ज्या शहरात रेंजर्स आणि सेल्टिकचे लोक धर्मावरून एकमेकांचं तोंड पाहत नसत, तिथे त्या दोन क्लबच्या दोघांनी मिळून तो गोल केला, याचं मला फार अप्रूप आहे.

1935 संपता संपता त्याने ह्यू फर्ग्युसनचा लीगमधल्या 364 गोलांचा विक्रम मागे टाकला. त्याच हंगामात सेल्टिकने दहा वर्षांनी लीग जिंकली. 1936 च्या मार्चमध्ये मदरवेलविरुद्ध त्याने तीन मिनिटांच्या आत तीन गोल केले.

आणि त्याच 1936 च्या ऑगस्टमध्ये सेल्टिकच्या मैदानावर एक भारतीय उतरला. कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम, मॅक्ग्रोरीच्याच वयाचा, 1904 चा जन्म. बुटांची त्याला सवय नव्हती. मॅलीने त्याला अनवाणी खेळायची परवानगी दिली आणि प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमीने त्याच्या पायांना पट्ट्या बांधल्या. मॅकमेनेमी हा स्वतः सेल्टिकचा एके काळचा नामांकित खेळाडू. तो गुडघ्यावर बसून सलीमच्या पायाला पट्टी बांधतोय, हे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. गुलामीच्या काळात एका गोऱ्या माणसाने भारतीयाच्या पायाशी बसून केलेलं हे काम आहे. सलीम राखीव संघाकडून दोन सामने खेळला, दोन्हींत सेल्टिक मोठ्या फरकाने जिंकलं, वर्तमानपत्रांनी त्याला जादूगार म्हटलं. क्लबने थांबायचा आग्रह केला. त्याला घराची ओढ लागली होती, तो परतला. नकाराचा हा आणखी एक प्रकार, आणि सेल्टिकच्या इतिहासात तो मला मॅक्ग्रोरीच्या नकाराशेजारी ठेवावासा वाटतो.

1937 च्या एप्रिलमध्ये एका आठवड्याच्या अंतराने हॅम्पडनवर दोन सामने झाले. 17 तारखेला स्कॉटलंड–इंग्लंड, प्रेक्षक 1,49,415. 24 तारखेला स्कॉटिश कपचा अंतिम सामना, सेल्टिक आणि अॅबर्डीन. 1,46,000 हून अधिक लोक आत आणि कित्येक हजार दरवाजाबाहेर. सेल्टिकने 2–1 असा कप घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्वीन्स पार्कविरुद्ध मॅक्ग्रोरी शेवटचा खेळला आणि त्या सामन्यातही गोल करून गेला.

डिसेंबरात तो किल्मार्नॉकचा मॅनेजर झाला. पहिल्याच सामन्यात समोर सेल्टिक, आणि त्यांनी त्याच्या संघाला आठ गोल घातले. तीन महिन्यांनी कपच्या सामन्यात किल्मार्नॉकने सेल्टिकला त्यांच्याच मैदानावर 2–1 असं हरवलं आणि थेट अंतिम सामना गाठला.

1945 मध्ये तो सेल्टिकचा मॅनेजर होऊन घरी आला आणि वीस वर्षं राहिला. 1954 मध्ये लीग आणि कप दोन्ही मिळाले, 1957 मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात रेंजर्सवर 7–1 असा विजय मिळाला. पण मधली वर्षं कोरडी गेली, आणि त्याचं एक कारण उघड होतं. संघ निवडायचे ते अध्यक्ष रॉबर्ट केली. शनिवारी मैदानात कोण उतरणार याबाबत मॅनेजरचा शब्द शेवटचा नसे. चोवीसाव्या वर्षी संचालकांना नाही म्हणणारा मॅक्ग्रोरी पन्नाशीत त्यांना नाही म्हणू शकला नाही. त्याच्या सौजन्याच्या आठवणी त्या काळच्या खेळाडूंनी भरभरून सांगितल्या आहेत. त्या सौजन्याने त्याच्या खुर्चीची ताकद काढून घेतली, असं मला वाटतं.

याची सगळ्यांत बोचरी नोंद 1963 ची आहे. गॉर्बल्सच्या आयरिश वस्तीतून आलेला पॅट क्रेरंड हा सेल्टिकचा उत्तम हाफबॅक. नववर्षाच्या सामन्यात ड्रेसिंग रूममध्ये त्याची वादावादी झाली, आणि महिनाभरात क्लबने त्याला मँचेस्टर युनायटेडला विकलं. विकलं गेल्याची बातमी आपल्याला एका पत्रकाराकडून कळली, आणि सेल्टिक सोडायची आपली इच्छा नव्हती, असं क्रेरंडने पुढे सांगितलं आहे. यूस्टनच्या फलाटावर मॅक्ग्रोरीला जे कळलं, तेच पस्तीस वर्षांनी क्रेरंडला कळलं, आणि या खेपेला सेल्टिकच्या मॅनेजरची पाटी मॅक्ग्रोरीच्या दारावर होती.

1965 मध्ये जॉक स्टीन मॅनेजर झाला आणि मॅक्ग्रोरीकडे जनसंपर्काचं काम आलं. स्टीनने येताना एक अट मान्य करून घेतली होती, की संघ तो स्वतः निवडेल. दोन वर्षांनी, 25 मे 1967 ला, लिस्बनमध्ये सेल्टिकने इंटर मिलानला 2–1 असं हरवून युरोपियन कप जिंकला. ब्रिटनमध्ये हा कप आणणारा तो पहिला क्लब. मैदानावरचे अकराही जण ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले, आणि त्यांतले बहुतेक मॅक्ग्रोरीच्या मॅनेजरकीत क्लबमध्ये आलेले होते.